आश्रुबा मामांची गॅप

३ डिसेंबर
मोबाईलमदी लिहितोय. एका बोटानं, लई हळू. शुद्धलेखन चुकलं तर माफी. नववीतच शाळा सोडली. वाचणारा मीच हाय, म्हणून माफ केलं.

ठराव: आश्रुबा मामांच्या मानासाठी अल्बम काढायचा. नुसता कीबोर्ड. अख्ख्या वडवणीत त्यांच्यासारखं कोणी वाजवत न्हाई. वरात रंगात आली की मधीच हात उचलतेत. चार ठोके गप. लोक एका पायावर. मग एकदम सुरू. यूट्यूबवर बघितलं, तिकडं असल्याला जॅझ म्हणतेत. मामांना म्हाईत न्हाई. अल्बममधून कळंल. तोंडानं सांगायला लाज वाटती.

९ डिसेंबर, दुपारी
सात गाणी वाजवून रेकॉर्ड केली. सातीत गॅप. शेवटी 'मामा, हे तुमचंच' बोलायचं व्हतं. तीनदा माईकजवळ गेलो. घसा बसला. थंडीनं.

१४ डिसेंबर
माजलगावला प्रविणकडं गेलतो. मोबाईल दुकानामागं त्येचा स्टुडिओ हाय. म्हणला, सोम्या, टेन्शन कशाला घेतो बे? कव्हरवर मामा, खाली तुझं नाव. पेनड्राईव्ह देऊन टाकला. कॉपी न्हाई ठेवली. दोस्ताकडं दिल्यावर कॉपी कशाला?

२६ डिसेंबर
प्रविण फोन उचलत न्हाई. कव्हरला येळ लागत आसंल.

३ जानेवारी
मेसेज आला! उद्या गहिनीनाथशेठच्या वाढदिवसाला अल्बम डीजेवर वाजणार. शेठ इलेक्शनला उभे हायेत, म्हणजे गर्दी फुल. मामा पण येणारेत. शर्टाला इस्त्री केली. उद्या स्टेजवर बोलायचंच.

४ जानेवारी
कव्हरवर शेठ. गॉगल घालून. खाली 'संगीत: प्रविण'.

अन् माझ्या सातीच्या साती गॅपमदी प्रविण वरडतोय, वाघ आला रे, शेठ आला!

मामा कान देऊन हुबे. मी स्पीकरमागं. मामांनी इचारलं, कोणी वाजवलंय? प्रविण म्हणला, मीच की मामा. मामा म्हणले, हात चांगलाय पोरा, पण तुला थांबता येत न्हाई.

मी बोलणारच व्हतो. स्पीकर लई मोठा व्हता. मामा गेल्यावर बोललो, मी वाजवलंय. जवळ जनरेटरवाला व्हता. तो म्हणला, आँ?

५ जानेवारी
प्रविणचा नंबर डिलीट केला. तोंडपाठ हाय.

संध्याकाळी मामांच्या दारात गेलतो. आत वाजवत व्हते. ठरवलं, गॅप आली की हाक मारायची.

गॅप आली. चार ठोके. मी मोजले. मामा परत सुरू झाले.

रात्री आमची काळी शेळी व्याली. दोन करडं.