तुझं प्रोफाइल हलवताना

प्रिय वनू,

समोर आलो तर तू आधी माझ्या हाताच्या प्लास्टरकडे बघशील आणि रडशील, म्हणून डाव्या हाताने कागदावर लिहितोय. पेजेच्या डब्याबरोबर आईकडे देतो. आई सांगत होती, गुरुवारी विकासचे धाकलूकाका तडजोडीचा कागद घेऊन दवाखान्यात येणार आहेत. तू नवऱ्यावरची तक्रार मागे घ्यायची, त्याने माझ्यावरची. पुतण्यासाठी आपल्या लोधिवलीच्या ओटीवर येऊन काका आईला म्हणाले, "घरातलं घरात मिटवू, वैनी. पोलिसांचं काय, ती आज हायेत, उद्या नाय." आणि तू म्हणे पाटीवर लिहून दिलंस की दादा सुटत असेल तर सही करते. जबडा तारेने बांधलाय तरी तुझा आगाऊपणा काही जात नाही.

तुला ऑफिसची खबर हवी असेल. आपला कारखाना विकला गेला आणि नव्या मालकांचा हुकूम आला, सगळ्यांची कॉम्प्युटरं त्यांच्या डोमेनमध्ये, म्हणजे त्यांच्या नेटवर्कच्या ताब्यात घ्या. त्रेचाळीस माणसं आणि मी एकटा. नव्या नावाने आत शिरलं की कॉम्प्युटर माणसाला ओळखतच नाही, सगळं कोरं दाखवतो. रोहिणीने पहिल्याच दिवशी बोंब ठोकली, "जगदीशभाऊ, माझं सगळं गेलं वो!" गेलेलं काहीच नसतं. जुनं प्रोफाइल तिथेच पडलेलं असतं, त्यावर नव्या नावाचा हक्क लावून द्यायचा, की वॉलपेपरवरच्या गणपतीसकट सगळं जागेवर येतं. फक्त एक अट होती. घरचे फोटो, सिनेमे असलं काही नव्या डोमेनात न्यायचं नाही, ज्याचं त्याला विचारून काढून टाकायचं.

तुझा नंबर मंगळवारी आला. तू रजेवर होतीस, न्हाणीत पाय घसरला म्हणून. स्टोअरमधल्या तुझ्या मशीनवर 'जुनी चलनं' नावाचं फोल्डर होतं आणि आत चलन एकही नाही, एकसष्ट फोटो. मी ते उघडले नाहीत. बहिणीचे फोटो कशाला बघायचे, असं वाटलं. फोल्डर तसंच ठेवून मी पुढच्या मशीनवर गेलो.

त्याच संध्याकाळी विकासने तुला मारलं. शेजारच्या भागीने सगळं पाहिलंय. तंबूचा लोखंडी दांडा होता, असं ती म्हणाली. आधी पाठीत, मग तू वळलीस तेव्हा तोंडावर. दात उंबऱ्यावर पडले होते ते तिने पदरात गोळा केले, डॉक्टर परत बसवतील म्हणून. तू पडल्यावरही तो थांबला नाही. "फोटो काढतेस काय, फोटो काढतेस?" असं दर फटक्याला ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी तुला ऑपरेशनला नेलं आणि मी सरळ खालापूरला कारखान्यात जाऊन ते फोल्डर उघडलं. प्रत्येक फोटोला तारीख. स्टोअरच्या रॅकमागे उभं राहून काढलेले, मागे बेअरिंगची खोकी. कोपर काळंनिळं. गळ्यावर बोटं उमटलेली. दंडावर इस्त्रीचा त्रिकोण. एकात तू केस बाजूला करून टाळूवरची खोक दाखवते आहेस आणि अंगात मी भाऊबीजेला दिलेला हिरवा ड्रेस आहे. त्या भाऊबीजेला मी त्याच्या मांडीला मांडी लावून बासुंदी प्यालो होतो. तो रोज तुझा फोन तपासायचा, म्हणून तू फोटो इथे आणून ठेवायचीस आणि फोनमधून पुसायचीस. माझ्यापासून तीस पावलांवर बसून दोन वर्षं तू हे करत होतीस आणि मी तुझ्या प्रिंटरला शाई भरून जात होतो.

पुढचं तुला माहीत आहे, पण लोक कमीजास्त सांगतात म्हणून मीच सांगतो. पळसदरीच्या धरणाशी तो पाहुण्यांसाठी तंबू ठोकत होता. मी त्याच्याच ढिगातला दांडा उचलला. पहिला फटका गुडघ्यावर, मग मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग दांडा टाकून मी मुठीने त्याचं तोंड फोडत राहिलो, माझी बोटं मोडली तरी. तो "दादा, नाय वो, दादा" म्हणत होता. चार जणांनी मला ओढलं नसतं तर तो मेला असता. मला त्याचं वाईट वाटत नाही. स्वतःची मात्र भीती वाटते, अजून वाटते.

फोटोंच्या प्रती मी जामिनावर सुटल्या दिवशीच पोलिसांना दिल्या. काकांना एवढी घाई झाली आहे ती त्यामुळे. तू जबाब फिरवलास तर ते एकसष्ट फोटो नुसते फोटोच राहतील, आणि तो तुला बरी झाल्यावर घरी न्यायला येईल.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तू जबाबात लिहून दिलंस की फोनमध्ये एखादा फोटो पुसायचा राहिला असेल, चूक माझीच. फोनमध्ये काहीही राहिलं नव्हतं, वनू. फोल्डर ठेवायचं की काढायचं हे विचारायला मंगळवारी दुपारी मी फोन केला. तुझा नंबर माझ्याकडे होता. पण तुझ्या लग्नापासून आपल्या घरचा प्रत्येक निरोप दाजींच्या कानावरून तुझ्याकडे जातो. त्यांना मान द्यायचा, म्हणजे बहीण सुखात राहते. म्हणून मी विकासला विचारलं. "दाजी, वनूच्या कॉम्प्युटरवर चलनांच्या नावाखाली तिचे एकसष्ट फोटो आहेत, काय करू?" हसत विचारलं मी. तो म्हणाला, "टाका उडवून. तिला मी विचारतो." मी त्याचे आभार मानून फोन ठेवला, उडवायचं काम तेवढं दुसऱ्या दिवसावर टाकलं. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, आईलाही नाही. माफी मागायला तोंड नाही. पण मला वाचवायला म्हणून सही करणार असशील, तर कुणाला वाचवते आहेस ते तुला आधी माहीत असायला हवं.

तुझाच,
जगदीशदादा