इतक्या उरल्या कशा

माय, तुझा बिस्किटाचा डबा अजून माझ्याकडे आहे. झाकण वाकडं झालंय, गुडघ्यात धरून दाबावं लागतं. आत काहीच नाही. तू होतीस तेव्हा त्यात अख्ख्या मोहल्ल्याचं उरलेलं औषध असायचं. ज्याचा ताप उतरला त्यानं राहिलेली पट्टी तुला आणून द्यायची, ज्याला चढला त्यानं तुझ्याकडून न्यायची. तुला वाचता येत नव्हतं, तू रंगावरून द्यायचीस. मी गोंदियाला कॉलेजात होतो, सुट्टीत आलो की तुझ्यावर ओरडायचो, की तारखा संपल्यात, फेक हे सगळं. तू चुलीवरून मान न वळवता म्हणायचीस, "औषध फेकलं का बिमारी वापस येते गा. तुह्या पुस्तकात नसंल लिवलं."

मग तुझीच बिमारी आली. नागपूरच्या डॉक्टरनं हात टेकले, मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आणि घरी न्या म्हणाला. घरात आपण दोघंच. सरकारी दवाखान्यातली नर्सबाई स्कूटीवर यायची. पहिल्याच दिवशी तिनं तुझा डबा बघितला आणि सांगितलं, "आजी, ह्या गोळ्या त्यात टाकायच्या नाहीत. ज्याला सवय नाही त्यानं खाल्ली तर झोपेतच श्वास थांबतो. उरल्या तर मला कळवायचं, कोणाला द्यायच्या नाहीत." तू शाळेतल्या पोरीसारखी मान हलवत राहिलीस. हो बाई. हो बाई. ती गेल्यावर मला म्हणालीस, "लयच बोलते गा ते बाई."

गोळ्या तू स्वतःच्याच हातानं घ्यायचीस. मी विचारलं की म्हणायचीस, "खाल्ली गा, मघाच खाल्ली." आणि थोड्या वेळानं पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळायचीस. दुपारी बाहेर लोक धान वाळत घालून राहिले असायचे, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मी नर्सबाईला सांगायचो, उतरत नाही. ती म्हणायची, उतरायला पाहिजे होतं. आणि मी, शिकलेला, कथा लिहिणारा, माणसांच्या मनात शिरतो असं समजणारा, मी तुझ्या उशाशी पाणी ठेवून उठायचो.

एका दुपारी तू वाटण्या केल्यास. हिरवी साडी मोठीमायला, पाण्याची पितळी गुंडी मामीला. "आन गोळ्या काकीले." काकी म्हणजे शेजारची, मोहफुलं वेचायला जन्मभर तुझ्याबरोबर गेलेली. मी हसलो. म्हटलं, मरतानाही दवाखाना बंद करत नाहीस. तू हसली नाहीस.

तेरवीनंतर तुझी गादी गावाबाहेर टाकायला उचलली, तर तिच्या उसवलेल्या शिवणीत जुन्या लुगड्याची पुरचुंडी. गोळ्याच गोळ्या. मी नर्सबाईला फोन केला. ती पोलिओच्या ड्युटीवर होती. तिनं किती आहेत ते मोजायला लावलं. मग म्हणाली, "इतक्या उरल्या कशा?"

मी पुरचुंडी परत बांधली.

तिला लवकर येणं होणार नव्हतं. तिनं सांगितलं, चुरा करा, कोणी खाणार नाही अशा कशात तरी कालवा, पिशवीत बांधून ठेवा, मी आल्यावर नेते. माय, मी आपल्या घरात कोणी खात नाही असं काहीतरी शोधत फिरलो. चहाची पत्ती मिरचीच्या झाडाला जायची. पेज म्हशीला. राखेनं भांडी निघायची. शेण शेताचं. सडलेली मोहफुलं डुकरं खायची. तू काहीच फेकायला ठेवलं नव्हतंस. शेवटी तुझ्याच खाटेखाली ती फिनाईलची शिशी दिसली, तुझ्या खोलीसाठी मी आणलेली. तुला तिचा वास सहन व्हायचा नाही.

अंगणात माती आणि फिनाईल घेऊन बसलो तेव्हा काकी आली. हातात वाटी. विरजण मागायला यायची तशीच.

"तुह्या मायनं माह्यासाठी गोळ्या ठेवल्या. दे."

"त्या देता येत नाहीत, काकी. तुले काय झालं?"

"काई नाई. गुडघे."

"गुडघ्याच्या नाहीत त्या."

"तुले कायले पंचाईत? तिनं देल्ल्या, तू काऊन अडवून राहिला?" मी फिनाईलची शिशी उघडली. तशी ती आणखी जवळ आली. "गोंदियाले शिकून आला. शिशीवरचं वाचते, मानसाचं तोंड नाई वाचत."

तेव्हा मी तिचं तोंड बघितलं. उजवा हात तिनं छातीशी धरला होता, पदराखाली, तान्ह्या पोराला धरतात तसा. किती दिवस धरत होती कोण जाणे. छातीतली गाठ तिनं घरी कोणाला सांगितली नव्हती. फक्त तुला माहीत होतं. आणि माझ्या पुढ्यात त्या गोळ्या होत्या, मघाच खाल्ली गा, मघाच खाल्ली.

मी म्हटलं, "काकी, सवय नसताना खाल्ली तर तुझा श्वास थांबंल."

ती म्हणाली, "तं थांबू दे नं."

मी सगळ्या ओतल्या. चुरल्या, बोटांनी, मातीत, फिनाईलमध्ये. ती उभी राहून बघत होती. शिव्या देईल असं वाटलं होतं. वाटी पालथी करून काखेत धरली आणि म्हणाली, "तुही माय असती तं असं नसतं झालं," आणि गेली.

मी त्याच दिवशी तिच्या घरी सांगितलं. खूप रडारड झाली. नर्सबाई आली, पिशवी घेऊन गेली, आम्ही काकीला नागपूरला नेलं. परत येताना गाडीत काकी माझ्याकडे पाठ करून बसली. तिला तिच्या गोळ्या मिळाल्या. त्यानं तिला झोप लागायची, जेवण जायचं, सुनेशी भांडायची ताकद आली होती. मोहफुलं पडायच्या दिवसांत ती गेली.

नंतर तिची सून तीच वाटी घेऊन आली. "भाऊजी, हे तुमाले फेकता येते म्हनते नर्सबाई." वाटीत एकच गोळी होती. माय, मला बरं वाटलं. काकीनं कोणासाठी राखली नव्हती. आता मोहल्ल्यातल्या बाया तारीख संपलेलं, राहिलेलं औषध माझ्याकडे आणून देतात, नर्सबाईकडे पोचवायला. तुझा डबा मी त्यासाठी वापरत नाही.

मी केलं ते बरोबर होतं. नर्सबाईही तेच म्हणते. पण काकी गेली ती हेच समजून, की तू मेलीस म्हणून त्या गोळ्या राहिल्या होत्या. जिवंतपणी तू एकेक तिच्यासाठी बाजूला ठेवत होतीस, आणि त्या सगळ्या दुपारी पदर चावून काढत होतीस, हे मी तिला कधीच सांगितलं नाही. एकदा तिच्या सुनेला तरी सांगावं म्हणून त्यांच्या घरी गेलो होतो. तिनं विचारलं, "काय पायजे, भाऊजी?"

विरजण मागून परत आलो.