‘संगीत काळडोह’चा दुसरा प्रयोग

५ जानेवारी, रविवार
निर्णय पक्का. ‘संगीत काळडोह’ पुन्हा रंगभूमीवर आणणार. दिग्दर्शक मी. नायकही मीच. तरुणाचं दुःख एकसष्टाव्या वर्षीच नीट कळतं.

माझे गुरू महादेवराव सर यांनी एका जाडजूड फ्रेंच कादंबरीवरून हे नाटक रचलं. पाच अंक, एकतीस पदं. शेवटी नायिका डोहात जाते, मागोमाग नायक प्राण सोडतो. १९७४ साली अकोल्यात एकच प्रयोग झाला. तो दुसऱ्या अंकात थांबला. प्रेक्षक तयार नव्हता.

सर गेले. त्यांच्या पत्नी आशाबाई नव्वदीच्या आहेत. नाटकाचा शेवट त्यांनीही पाहिलेला नाही. त्या आहेत तोवर दाखवायचा. बाकी मला काही नको. सत्कार झालाच तर नाही म्हणणार नाही.

८ जानेवारी
शकुनला पहिलं पद ऐकवलं. तिनं विचारलं, घसा बसला काय? बायकोला करुण रस कळत नाही. सकाळी सहाला रियाज, उद्यापासून.

९ जानेवारी
थंडी. रियाज सोमवारपासून.

१२ जानेवारी
रिहर्सलला अकराजण बोलावले, चार आले. मोठ्या कलाकृतीला छोटा संच लागतो, असं माझं मत आहे. आज दुपारपासून.

नायिका भावना. शाळेत गणित शिकवते, आवाज लख्ख. म्हणाली, सर, एकतीस पदं म्हंजे माह्या आंधी लोकंच डोहात उड्या मारतीन. मी हसलो नाही. एकही पद गाळणार नाही, असं सांगितलं.

१९ जानेवारी
तीन पदं गाळली. तत्त्व कायम.

२१ जानेवारी
बसने अकोल्याला. माझा जुना विद्यार्थी किशोर याची डाळ मिल आहे. गोदाम रिकामं करून देतो म्हणाला, स्टेजही. गर्दीची गॅरंटी. अट एकच: पत्रिकेवर ‘नाटकानंतर रोडगे आणि वांग्याची भाजी’ असं छापायचं. म्हणे, सर, निरं रडाले कोन येते? परवानगी दिली. शोकांतिकेनंतर कोणी जेवत नसतं. अन्न वाया जाणार, बिचाऱ्याचं.

मग आशाबाईंकडे. चाकाच्या खुर्चीत होत्या. पाया पडून म्हटलं, शेवटपर्यंत दाखवीन. म्हणाल्या, पाह्य बापू, तुले झेपते का. माझे डोळे भरून आले. त्यांचे आतून भरले असावेत.

२८ जानेवारी
पाचव्या अंकाची रिहर्सल राहिली. चौथ्याचीही. उत्स्फूर्तता हवीच.

२ फेब्रुवारी, दुपारी साडेतीन
गोदाम भरलं! दोनशे माणसं, तीही अर्धा तास आधी. शकुनला दोन रुमाल घ्यायला सांगितले होते. तिनं तुपाची बरणी आणली.

मागच्या बाजूला गोवऱ्या पेटल्या आहेत. कणकेचे रोडगे निखाऱ्यांत भाजायला टाकले. धूर खिडकीतून स्टेजवर येतो. डोहावरचं धुकं म्हणून चालेल.

३ फेब्रुवारी, सकाळी
प्रयोग अभूतपूर्व झाला. आठवतं तसं लिहून ठेवतो.

पहिला अंक सगळ्यांनी बसून पाहिला. दुसऱ्यात वांग्यांना फोडणी बसली. मागच्या रांगा उठल्या. दुःख असह्य झालं की माणूस उठतो, हे मी वाचलेलं आहे. तिसऱ्यात मधल्या रांगा उठल्या, आणि शकुन. चौथ्यात पेटीवाले गोपालराव पदाच्या अंतऱ्यात उठले. पाचव्यात भावनाने शेवटचं पद पेटीशिवाय गायलं, डोहात उडी घेतली आणि तिकडूनच पंगतीला गेली.

समोर फक्त आशाबाई. निश्चल. माझ्यावर नजर.

एका प्रेक्षकासाठी गाणं म्हणजे काय, ते काल कळलं. गाळलेली तीनही पदं म्हटली. मग प्राण सोडला. पडदा ओढायला कोणी नव्हतं, म्हणून उठून ओढला.

खाली उतरून त्यांचे पाय धरले. म्हटलं, बाई, सगळे गेले, तुम्ही एकट्या शेवटपर्यंत थांबलात. आज सरांचं नाटक पूर्ण झालं.

त्या म्हणाल्या, थांबतो नाही त काय करतो रे बापू? खुर्ची ढकलनारी सून दुसऱ्या अंकातच जेवाले गेली. आवाज देऊन राहिलो त तुह्या गान्यात आयकू कोनाले जाते? आता मेला ना तू पुरा? मंग ढकल लवकर, वांगे सरतीन.

ढकलली.