मुकादमाच्या दाढा आणि बाबांचा मंगळवार

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. (साधा नमस्कार पुरतो असं तू नेहमी म्हणतेस, पण पाकीट चिकटवण्याआधी पहिली ओळ बाबा वाचतात आणि शेवटची आई, त्यामुळे मोकळेपणाने लिहायला मला फक्त मधली जागा मिळते.) तुझी लेक, आमची ताई, कशी आहे? बाळ तिला झोपू देतं का? तुझा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो, की बाळापुढे त्याला कुरकुरायला सवडच नाही? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. हा ‘सगळे’ शब्द मी एकदा लिहून खोडला आणि पुन्हा लिहिला, कारण त्यात मुकादमाला धरावं की नाही ते ठरेना. आज धरायला हरकत नाही. मागच्या आठवड्यात नव्हता धरता येत. आणि गेल्या पत्रात मी ‘तो पोटभर जेवतो’ असं बेधडक लिहिलं होतं, ते साफ चुकीचं होतं, म्हणून आता सगळं पहिल्यापासून सांगते. त्याला न्यायला कधी येऊ असं तू विचारलं आहेस, त्याचं उत्तर खाली येईलच.

तू तुझा गिनीपिग आमच्याकडे सोपवून ताईच्या बाळंतपणाला गेलीस, तेव्हा त्याचा थाट काय होता ते तुला ठाऊक आहे. फ्रिजचं दार वाजलं की अशी शिट्टी मारायचा, की कामावरच्या माणसांनी विड्या टाकून उठावं. म्हणून बाबांनी त्याला मुकादम नाव ठेवलं. (‘पिल्लू’ हे तुझं नाव त्याच्या मिशांना शोभत नाही, असं त्यांचं मत आहे.) मी रोज त्याच्यापुढे काकडी, कोथिंबीर, वाळलेलं गवत ठेवायची आणि पाठ फिरवून बसायची. यात हयगय नव्हती गं. जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये, त्याला संकोच होतो, हे तू आणि आईनेच मला चमचा धरता येण्याआधी शिकवलं आहे. आता पाहुण्याने ताटात काही टाकलं, तर ते त्याच्या नकळत उचलावं म्हणजे त्याला लाज वाटत नाही, हे तुम्हा बहिणींचं दुसरं कलम. ते आई पाळत होती. मी पाठ फिरवली की ती गुपचूप उरलेलं उचलायची, मी वळून बघितलं की वाटी लख्ख. मला वाटायचं, काय जेवतोय! आईला वाटायचं, बाकीचं पोटात गेलं असेल. अशा रीतीने दोन सुसंस्कृत बायकांच्या मधोमध तुझा मुकादम उपाशी बसला होता. त्यातून मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते, हे तू कृपा करून ताईच्या सासरी सांगू नकोस.

लक्षात आलं ते बाबांच्या. ते शिलाईचं मशीन सोडून सहज उठले, त्याच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाले, “अगं, याचं कातडं याला ढगळ होतंय.” मी हसले. बाबा हसले नाहीत. “कमरेत चांगला दोन बोटं सैल आहे. फ्रिज उघड बघू.” मी फ्रिज उघडला. शिट्टी नाही. हनुवटी लाळेने ओली, डोळे अर्धे मिटलेले. मावशी, पायात कुठली चप्पल घातली तेही न बघता आम्ही त्याला घेऊन दवाखान्यात पळालो.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या आहेत, पण आवाज असा की बाहेरच्या बाकावरचे कुत्रेही सरळ बसतात. त्यांनी त्याच्या तोंडात दिवा धरला आणि विचारलं, “इतके दिवस हा चावत नव्हता, कुणी बघितलं नाही?” मी म्हटलं, “जेवताना बघणं बरं दिसत नाही ना.” त्यांनी दिवा माझ्या तोंडाकडे वळवला. या प्राण्यांचे दात जन्मभर वाढतात, गवत चघळून झिजतात. याच्या खालच्या दाढा आत कलून जिभेवर त्यांचा पूल झाला होता आणि जीभ त्याखाली अडकली होती. म्हणजे त्याला भूक होती. वाटी समोर होती. नुसतं गिळता येत नव्हतं. भूल देऊन दाढा घासायच्या, पण इतका अशक्त जीव भुलीतून उठेलच असं सांगता येत नाही, असं त्या स्वच्छ म्हणाल्या. बाबा गळ्यात टेप तसाच अडकवून आले होते. आत दाढा घासत होत्या तोवर त्यांनी बाकाची लांबी, रुंदी आणि खिडकीची उंची मोजून काढली.

उठला! (हे तुला वर ‘सगळे’वरून कळलंच असेल, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.) पण खरी परीक्षा पुढे. गवताची पूड पाण्यात कालवून बिनसुईच्या सिरिंजने भरवायची, आणि हा मागच्या पायांनी अशी लाथ घालतो की ते कालवण माझ्या नाकावर. एकदा तशीच दुकानात गेले, तर एक आजोबा तक्त्याकडे बघत म्हणाले, “ताई, शेवटची ओळ दिसत नाही, पण तुमच्या कानाला हिरवं काय लागलंय ते अगदी स्पष्ट दिसतंय.” मग बाबांनी त्याच्यासाठी अस्तराच्या तुकड्यांचं जाकीट शिवलं, पाय आत राहतील असं. आता बाबांचं तुला माहीतच आहे: गिऱ्हाईक कुणीही असो, “मंगळवारी नक्की” म्हणतात आणि तो मंगळवार कुणाच्याच आयुष्यात उगवत नाही. तुझे ब्लाउज त्याच आशेवर अजून कापलेले पडून आहेत. मुकादमाचं जाकीट मात्र दुपारी मापाला आणि संध्याकाळी अंगावर, मधे एक ट्रायलसुद्धा.

आणि डॉक्टरीणबाईंचा हुकूम असा, की तो खाताना यापुढे टक लावून बघायचं. आम्हाला फार जड गेलं. आई आधी “बघते हं जरा” असं त्याची परवानगी घ्यायची. परवा आम्ही तिघं पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसलो होतो, तेव्हा त्याने गवताची एक काडी आपणहून उचलली. ती काडी हळूहळू आत जाताना आम्ही जी बघितली, तशी मी अजून कुणाची मुंजसुद्धा बघितलेली नाही. बाबा म्हणाले, “धूळ फार आहे या घरात,” आणि चष्मा पुसायला आत गेले.

तर सांगायचं एवढंच, की तुझी ठेव सुखरूप आहे. ताईला आणि बाळाला आशीर्वाद नको, माझ्या वयाला तो शोभत नाही. नुसतं प्रेम सांग.

तुझी,
भाची

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. दाढा पुन्हा वाढणार, पुन्हा घासाव्या लागणार, आणि रोज कुणीतरी समोर बसून बघायला हवं. तुझ्या हातात आता बाळ. तेव्हा तो अजून थोडे दिवस इथेच राहिला तर चालेल का? तुझा आहे, तू म्हणशील तसं. (पण ‘चालेल’ म्हण.)

दुसरा ता. क. बाबांनी वरचा ता. क. वाचून सांगितलं, की मी माझ्या भावना माझ्यापुरत्या ठेवाव्यात, त्यांना स्वतःला काही फरक पडत नाही, उलट कामाचा खोळंबा होतो. ते म्हणाले म्हणून लिहिलं. हे सांगताना मुकादम त्यांच्या मांडीवर होता आणि फ्रिजचं दार गार हवेसकट सताड उघडं होतं, नुसतं शिट्टी ऐकायला.

तिसरा ता. क. आई म्हणते, बहिणीने साधं विचारलं आहे तर साधं उत्तर दे. म्हणून तिने बाबांना विचारलं, “अहो, ती न्यायला कधी येऊ म्हणतेय. कधी देताय?” बाबा मशीनवरून मान वर न करता म्हणाले, “मंगळवारी नक्की.”