आतोबांच्या खांबाला हात न लावता

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. पाठ धरली आहे, त्यामुळे वाकणं जमतं, पुन्हा सरळ होणं जमत नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? तुझी भाचेसून मजेत आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. रोज रेडिओवर भेटणारा भाचा पत्र का लिहितोय, असं वाटलं असेल. अगं, सध्या तू बोलायला लागलीस की कुणीतरी कढईत तळण सोडल्यासारखंच ऐकू येतं.

आपला रिपीटर, म्हणजे लांबच्यांचे क्षीण आवाज ऐकून तेच मोठ्यानं पुन्हा बोलणारं यंत्र, इतके दिवस अख्खा माझ्या गच्चीवर होता. पण त्याचं तोंड सुरू झालं की शेजारच्या कानाला काही ऐकू येईना. (आमच्या हौशी रेडिओ क्लबच्या अध्यक्षांचंही तसंच आहे, पण त्यांचे दोन भाग करता येत नाहीत.) म्हणून कान तुझ्या टेकडीवरच्या घरी आला आणि तोंड माझ्याकडे राहिलं. कानानं ऐकलेलं तोंडापर्यंत पोचवायला दोन्ही घरांवर एकमेकींकडे बघणाऱ्या अँटेना हव्यात. तुझ्याकडे आतोबांनी स्वतःच्या हातानं बांधलेली होतीच. माझ्या बाजूची निवडायचं काम क्लबनं माझ्या गळ्यात घातलं, आणि मीही हौसेनं घालून घेतलं.

पहिली आणली ती आटोपशीर. नुसती खरखर. मग तिच्या दुप्पट लांबीची आणली. ती जिन्यात अशी अडकली की तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना संध्याकाळपर्यंत दाराबाहेर पडता येईना. (माझी पँट अजून शिवून मिळालेली नाही.) खरखर तशीच. मग इरेला पेटून जाळीची भलीमोठी थाळी आणली. ती वाऱ्यानं कलंडायला लागली, मी मिठी मारली, आणि पाठ गेली. तुझ्या सुनेनं दुसऱ्या दिवशी त्या थाळीवर चादर वाळत घातली आणि म्हणाली, तुम्ही आणलेल्या एका तरी वस्तूचा घराला उपयोग झाला. तेव्हापासून अबोला आहे.

हसू नकोस, प्रकरण गंभीर आहे. दोन घरांमधली ही लिंक जमली नाही तर रविवारच्या बैठकीत कान तुझ्याकडून उचलून अध्यक्षांच्या इमारतीवर नेणार आहेत. (तिथं लिफ्ट आहे, हे ते चारदा सांगतात.) मग यंत्र तपासायच्या निमित्तानं तुझ्याकडे येऊन चहा पिणारी, भांडणारी, चपला विसरून जाणारी सगळी मंडळी तिकडे वळतील. आतोबा गेल्यावर त्या घरात माणसांचा राबता राहिला तो यामुळेच. तू एकटी पडलेली मला चालणार नाही.

तुझा,
वाकलेला भाचा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. (राहिलं कसलं, धीर होत नव्हता.) आतोबांची अँटेना आडवी बांधलेली आहे, आणि मी तिन्ही वेळा माझी उभी लावली, कारण क्लबात सगळे उभीच लावतात. एक आडवी आणि एक उभी असली की त्यांचं आपसात जमत नाही, मग कितीही मोठी आणा. तेव्हा आतोबांची तेवढी उभी करू देशील का? त्यांच्या खांबाला तू कुणाला हात लावू देत नाहीस, ठाऊक आहे.

आणखी एक ता. क. तुझ्या सुनेनं पत्र वाचलं आणि अबोला सोडून म्हणाली, "अहो, मग तुमचीच आडवी करा की!"

आत्या, हे मला सुचलं नव्हतं. क्लबात कुणालाच सुचलं नव्हतं. पाना घेऊन वर गेलो, पहिली आटोपशीर अँटेनाच पुन्हा लावली, आडवी. आणि तू शेजारी बसल्यासारखी ऐकू आलीस! अध्यक्षांना सांगत होतीस, "भाचा फार दमला हो. आमच्या ह्यांची अँटेना आड येत असेल तर काढून टाका, पण यंत्र इथंच राहू दे."

मी हातातला पाना टाकून माइक उचलला. "नको, नको" एवढंच ओरडलो. ते तू ऐकलंसच, पण उद्या कुणी येऊन अँटेना काढायची गळ घालेल आणि तू भिडेपोटी हो म्हणशील, म्हणून हे लेखी पाठवतोय. आतोबांच्या खांबाला कुणाला हात लावू देऊ नकोस. मलासुद्धा.