घोटीच्या बाईचा तांदूळ

आई, काल शेजारची सून एक जाहिरातीचा कागद घेऊन आली होती. घरबसल्या कागदी प्लेटा बनवायच्या, मशीन कंपनी देणार, तयार मालही कंपनीच घेणार. "मावशी, तुम्ही केलंय का असं काही कधी?" हो म्हणाले, आणि आपल्या स्वयंपाकघरातला तो मेणबत्त्यांचा साचा डोळ्यांपुढे आला.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. कॉलेज संपवून मी घरी बसलेली, आणि तू पहाटे शेवंती तोडून बाजारात न्यायचीस. सातपूरच्या त्या ऑफिसात अनामत भरली की साचा आणि मेण मिळायचं. मेणबत्त्या तेच विकत घेणार होते. मी हे सांगितलं तेव्हा तू ओट्याशी बसून हार ओवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "रोपं इकणाराच म्हणतो फुलं बी मीच घेईन, तर त्याला फुलांचं काय पडलंय? त्याची रोपं तर खपली." मला राग आला. शिकलेल्यांचे धंदे तुला कळत नाहीत, असं बोलून गेले. तू हाराला गाठ मारलीस. मग एवढंच सांगितलंस की, नव्या व्यापाऱ्याला फुलं घालण्याआधी आम्ही बाया एकमेकींना विचारतो, तूही त्याला माल दिलेली एखादी बाई गाठ.

मी विचारलं होतं, आई. ऑफिसात खुर्चीवर एक बाई बसली होती. दर शनिवारी माल घेतात, पैसे हातात देतात, म्हणाली. ते ऐकून तू शेवंतीचे पैसे काढून दिलेस.

तीनदा मी पिशव्या भरून नेल्या, तीनदा परत आणल्या. वात मधोमध नाही, मेणात बुडबुडे आहेत. तिसऱ्या खेपेला तिथला साहेब हसत म्हणाला, "ताई, अनामत परत पाहिजे ना? मग चार दिवस त्या खुर्चीवर बसा. कोणी विचारलं तर माल घेतात म्हणायचं, बाकी काही नाही." ती पहिली बाई कोण होती, ते मला तेव्हा कळलं. तरी मी बसले. एकच दिवस. घोटीहून एक बाई आली, ती साहेबाकडे न जाता सरळ माझ्यापाशी. "खरंच घेत्यात का वो, ताई? लय लांबून आले." मी हो म्हणाले. निघताना तिने पिशवीतला घरचा तांदूळ माझ्या रुमालात बांधून दिला.

पुढच्या आठवड्यात ऑफिसला कुलूप होतं. तू रागावली नाहीस. "तू इचारलं हुतंस ना? मग तुझं काय चुकलं?" तुझ्यामागे इतकी वर्षं झाली, या घरात तसं म्हणणारं कोणी नाही.

काल मी त्या सुनेला सांगितलं, आधीच्या बायांच्या घरी जा, त्यांचा माल कुठल्या दुकानात दिसतो ते बघ, तोवर काही भरू नकोस. ऑफिसात बसलेल्या बाईला मात्र विचारू नकोस. "तिला का नको?" तिने विचारलं. मी चहा ठेवायला उठले.

हे लिहिलेला कागद घडी करून फडताळात ठेवीन. तुझा पत्ता नाही, आणि घोटीच्या बाईचा मी विचारला नव्हता. खुर्चीवर बसून आले त्या दिवशी तू तो तांदूळ शिजवलास, घरभर वास सुटला. कुठला गं, म्हणालीस. मैत्रिणीने दिला, म्हणाले. तू पुन्हा भात वाढून घेतलास.

तो मैत्रिणीने दिलेला नव्हता, आई.