स्टीलचे गिलास

रविवार, संध्याकाळ. बोरी, सासरवाडी.

आज मेव्हण्यानं बाकीच्या पाव्हण्यांना दारू स्टीलच्या गिलासात दिली. मला दिसू नये म्हणून. जसं काय मला कळणारच न्हाई! ताकाचा गिलास कुणी एवढा जपून खाली ठेवतं का?

माझ्या हातात मात्र खरंच ताक. सासूबाईनं मुद्दाम केलेलं. मेव्हणा कानाशी येऊन म्हणला, "दाजी, तुमचं लय वाईट वाटतं बघा." तिथंच खचलो मी. माझी दारू सोडवणारे परभणीचे डॉक्टर म्हणतात, तुम्ही काही गमावलं नाही, उलट सुटलात, असं मनाला सांगत जा. सांगतो की. रोज सांगतो. पण मन त्या गिलासाकडंच बघायलंय, त्याला काय करू? पीत न्हाई, एवढंच. बाकी काय बदललं माझ्यात?

जेवणं झाल्यावर ते स्टीलचे गिलास गोळा करून मीच मोरीत नेले. कुणी सांगितलं नव्हतं. नळ सोडायच्या आधी एक नाकाशी धरला. डोळे आपोआप मिटले.

मागं बायको तिच्या आईला कौतुकानं सांगायली, "बघ ना, किती बदललेत. आता भांडीबी घासायलेत."

मी गिलास खाली ठेवला. तसाच, जपून.